सगळे सुपरनोव्हा सारखे नसतात
सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा स्फोट; त्यातल्या टाइप वन-ए या प्रकाराच्या तेजावरून विश्वातली अंतरं मोजतात. त्यावरच्या एका लेखातलं 'टाइप वन-ए सुपरनोव्हा सगळे सारख्याच तेजाचे असतात' हे वाक्य खटकलं. जो हळूहळू मावळतो तो मुळातच जास्त तेजस्वी, लवकर विझणारा मंद. खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये हे दाखवलं. तेजातल्या फरकाची ही दुरुस्ती करूनच १९९८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या दोन गटांना विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय हे कळलं. लेखात नेमकी तीच गाळली!

आमच्या यवतमाळकडे हरभऱ्याच्या जागलीला गेलं की दूर बॅटरी चमकते. जवळची मिणमिणती की लांबची जोरदार? नुसतं पाहून कळत नाही. शेजारच्या धुऱ्यावरचा माणूस मी एकदा पार नाल्यापलीकडचा समजलो होतो. (तेवढ्यात रानडुकरांनी हरभरा उलथवला, ते वेगळंच.) बॅटरी कोणती ते माहीत असलं तरच अंतर सांगता येतं. सुपरनोव्हाचंही तसंच.