पर्वती चढल्याने अभ्यास बुडत नाही

माझा भाचा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतो. परवा भेटला तर डोळे सुजलेले, मान आखडलेली. म्हटलं, अरे रोज पर्वतीला जातोस ना, तर म्हणे नाही मामा, बंद केलं, अभ्यासिकेच्या ग्रुपवर मेसेज आलाय. ताईने पण त्यातला पहिला मुद्दा वाचून त्याला सांगितलं की उगाच पायऱ्या चढून दमू नकोस. मग मी तो मेसेज पूर्ण वाचला आणि डोकंच फिरलं.

त्यात म्हटलंय की शरीर आणि मेंदू एकाच टाकीवर चालतात, व्यायाम केला की रक्त पायात उतरतं आणि मेंदू उपाशी राहतो. झोप चार तास पुरे. पेंग आली तर कडक चहा, फार तर एखादी सिगारेट. रविवारी थोडी बिअर, म्हणजे डोकं मोकळं होतं.

आधी ते टाकीचं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते बसलेलो असताना जी ऊर्जा खर्च होते त्यातली साधारण २० टक्के एकटा मेंदू घेतो, आणि शरीर त्याचा वाटा सहजासहजी कमी होऊ देत नाही. चढ चढताना पायांना जास्त रक्त जातं हे खरंच आहे, पण ते मेंदूचं काढून नाही. बसल्या जागी हृदय मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त ढकलतं, व्यायामात तेच कितीतरी वाढतं, शिवाय पोटाकडचा, किडनीकडचा पुरवठा तात्पुरता कमी होतो, त्यातून पायांचं भागतं. मेंदूला मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास मिळत असतं ते मिळतच राहतं, भरभर चालताना थोडं वाढतंही.

आणि पुरावा पाहिजे असेल तर २०११ सालचा अमेरिकेतला अभ्यास बघा. ५५ ते ८० वयाची १२० माणसं घेतली, निम्म्यांना आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालायला लावलं, बाकीच्यांना नुसतं स्ट्रेचिंग. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूत आठवणी पक्क्या करणारा भाग, सुमारे २ टक्के वाढलेला आणि दुसऱ्या गटाचा कमी झालेला. ही माणसं वयस्कर होती, पंचविशीतली नाही, मान्य. पण चालून मेंदू उपाशी राहतो म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी दाखवावं ना!

पुण्यात राहून हे पसरवता याचंच वाईट वाटतं. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घातलं होतं, त्या वर्षी परीक्षा हुकली, आणि नंतर तेच गणितात पहिल्या वर्गात बीए झाले.

एक मान्य करतो, दोन तास जिम मारून लगेच पुस्तक उघडलं तर झोप येते. पण पर्वतीच्या १०३ पायऱ्या म्हणजे दोन तासांची जिम नव्हे.

झोपेचं काय सांगायचं, दिवसभर वाचलेलं डोक्यात बसतं तेच झोपेत, मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. चहाने तरतरी येते हे खरं, पण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात, म्हणजे रात्री १० चा चहा पहाटे ३ ला अजून निम्मा अंगात, मग चार तासांची ती झोप तरी धड कशी लागणार.

सिगारेटचा मात्र खूप राग आला. ओढल्यावर बरं वाटतं कारण निकोटिन उतरल्यावर येणारी बेचैनी तेवढ्यापुरती थांबते, आणि ती बेचैनी लावली कुणी, तर आधीच्या सिगारेटनेच. न ओढणाऱ्या पोराला हे सांगणं म्हणजे सरळ व्यसन लावणं आहे. बिअरबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही.

ताईशी काल फोनवर तासभर बोललो, आधी चिडली, मग म्हणाली तूच घेऊन जा त्याला. उद्या सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी भेटायचं ठरलंय, रूमवरचे अजून दोघं येतो म्हणालेत.