साहेबांची मेल कुठल्या दाराने?

आमच्या कंपनीने एक छोटी कंपनी विकत घेतली. पेढे वरच्या मजल्यावर वाटले गेले, काम तळमजल्यावर माझ्याकडे आलं. साहेबांचा हुकूम : नव्या कंपनीच्या पत्त्यावरून निघणारी मेल नव्या कंपनीच्याच गेटवेतून, म्हणजे तिच्या मेलच्या दारातून, बाहेर पडली पाहिजे. "सोपं आहे ना? पाठवणारा कोण ते बघायचं आणि सोडायचं."

आमच्या ऑफिसात सगळं पाठवणारा कोण ते बघूनच चालतं. रजेचा अर्ज, चहाचं बिल, पार्किंगची जागा. आमची मेल सांभाळणाऱ्या एक्स्चेंज सर्व्हरला मात्र ही रीत ठाऊक नाही. मेल बाहेर सोडणारा त्याचा सेंड कनेक्टर एवढंच विचारतो, जायचंय कुणाच्या डोमेनला (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला)? पाठवणारा एमडी आहे की कालचा ट्रेनी, त्याला देणंघेणं नाही. हा बिघाड नव्हे, घडणच तशी. हे ऐकून साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की सर्व्हरला मीच फितवलंय.

शेवटी त्याच्या पुढ्यात पोस्टफिक्स हा मेल पुढे धाडणारा दुसरा सर्व्हर बसवला. त्यात २००६ पासून 'सेंडर डिपेंडंट रिलेहोस्ट मॅप्स' ही सोय आहे. नाव एका दमात म्हणवत नाही, पण काम एका ओळीत : हा पत्ता, ही वाट. पत्ते-वाटांची यादी लिहिली, ती त्याला वाचता यावी म्हणून पोस्टमॅप चालवलं, रीलोड केलं, मेल शहाण्यासारखी निघाली.

मग अकाउंट्सच्या मॅडम आल्या. "अहो, आमची बिलं स्पॅममध्ये पडतायत. पार्टीला तर आयतंच कारण मिळालं!"

मेललाही लिफाफा असतो, सर्व्हर एकमेकांना दाखवतात तो. पोस्टफिक्स बघतो त्या लिफाफ्यावरचा प्रेषक. आतल्या 'फ्रॉम'मध्ये काय लिहिलंय ते वाचत बसत नाही. आहेराच्या पाकिटावर मामांचं नाव आणि आतल्या चिठ्ठीवर आत्याचं असेल, तर वहीत मामाच चढणार. बिलिंग सॉफ्टवेअर लिफाफ्यावर जुनी कंपनी टाकत होतं, आत नवी. प्रेषक खरा आहे का ते तपासणाऱ्या पलीकडच्या डीमार्कला हे नातं जुळेना. सॉफ्टवेअरवाल्याने "आमच्याकडून ओके आहे" असं कळवलं. हे वाक्य ते लोक जन्मताच शिकून येतात.

तेही निस्तरलं. मग साहेब महाबळेश्वरला गेले आणि त्यांचं 'मी रजेवर आहे' हे आपोआप जाणारं उत्तर जुन्या दाराने निघालं. अशा उत्तरांच्या लिफाफ्यावर प्रेषकाची जागा मुद्दाम कोरी ठेवतात, नाहीतर दोन रजेवरची माणसं एकमेकांना जन्मभर उत्तरं देत बसतील. कोऱ्या जागेला पोस्टफिक्सच्या यादीत वाट कुठून सापडणार?

साहेबांचा तिथूनच फोन. "कोऱ्यांना वाट देता येत नाही?"

"येते साहेब. पण मग दोन्ही कंपन्यांची कोरी पाकिटं त्याच वाटेने जातील."

"सगळ्यांची कशाला? माझी कोरी तेवढी पाठवा."