जपानीतून मराठीत, मध्ये इंग्रजी नको

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता पुढे काय करायचं, यावर महाराष्ट्रात चर्चा चालू आहे. त्यात अनुवादाचा विषय निघाला की दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक म्हणजे दुकानं अनुवादांनी भरली आहेत आणि मूळ मराठी लेखक मागे पडतोय. दुसरी, परदेशी साहित्य इंग्रजीत मिळतंच, मग ते मराठीत कशाला? टोकियोत राहून इथलं साहित्य वाचत असताना मला तिसराच प्रश्न जास्त टोचतो. मराठी अनुवाद कुठल्या भाषेवरून झालाय, हे आपण विचारतच नाही.

पहिल्या तक्रारीचं उत्तर जपानच्या इतिहासात आहे. फुताबातेई शिमेई यांनी १८८८ मध्ये तुर्गेनेव्हची एक कथा थेट रशियनवरून जपानीत आणली. मूळ वाक्यात स्वल्पविराम किती, पूर्णविराम किती, तेही जपानीत तसेच राहावेत म्हणून ते झटले. निसर्गाबद्दल लिहिण्याची नवी गद्यभाषा तरुण लेखकांना या अनुवादातून सापडली. कुनिकिदा दोप्पो यांच्या १८९८ सालच्या ‘मुसाशिनो’त तर त्यातले उतारेच आहेत. अनुवादामुळे इथला मूळ लेखक मागे पडला नाही, उलट त्याला हत्यार मिळालं. आजही इवानामी बुन्को या १९२७ पासूनच्या मालिकेत परदेशी साहित्याला लाल पट्टी असते आणि आधुनिक जपानी साहित्याला हिरवी. दोन्ही एकाच कपाटात शेजारी-शेजारी नांदतात. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर असतं आणि शेवटी बहुधा त्याचं मनोगतही. त्यात मूळ आवृत्ती कोणती घेतली, आधीचे अनुवाद कोणते, अडलं कुठे, हे सगळं लिहिलेलं असतं. एकच पुस्तक पुन्हा अनुवादित करण्यात कुणाला वावगं वाटत नाही. कामेयामा इकुओ यांनी दस्तयेव्हस्कीची ‘कारामाझोव्ह बंधू’ २००६-०७ मध्ये रशियनवरून नव्याने केली. आधीचे अनुवाद हाताशी असूनही तिचे सगळे खंड मिळून दहा लाखांवर प्रती खपल्या.

मधल्या भाषेवरून केलेला प्रत्येक अनुवाद वाया जातो, असं मात्र मी म्हणणार नाही. मोरी ओगाई यांनी अँडरसनची डॅनिश कादंबरी जर्मनवरून केली, १९०२ मध्ये ती पुस्तकरूपात आली, आणि तिच्या जपानी गद्याची वाखाणणी आजही होते. पण ओगाईंसारखी लेखणी क्वचितच लाभते. एरवी मधल्या भाषेचे दोष मुकाट्याने पुढे येतात. हारुकी मुराकामींच्या ‘नेजिमाकीदोरी कुरोनिकुरु’ या तीन भागांच्या कादंबरीतून १९९७ च्या इंग्रजी आवृत्तीत सुमारे २५,००० शब्द कापले गेले. त्या इंग्रजीवरून मराठी केलं, तर ती काटछाट जशीच्या तशी मराठीत येणार आणि वाचकाला पत्ताही लागणार नाही. जर्मनीत हा प्रश्न चव्हाट्यावर आला होता. मुराकामींच्याच एका कादंबरीतल्या शृंगारिक भाषेवरून २००० साली टीव्हीवर समीक्षकांची जाहीर खडाजंगी झाली. ते पुस्तक इंग्रजीवरून जर्मनमध्ये आल्याची चर्चा त्यानंतर पेटली, आणि अखेर २०१३ मध्ये थेट जपानीवरून नवा जर्मन अनुवाद निघाला.

आता दुसरी तक्रार, इंग्रजीत मिळतंच ही. नात्सुमे सोसेकींची मांजराची कादंबरी (१९०५-०६) सुरू होते ती ‘वागाहाई वा नेको दे आरु’ या वाक्याने. ‘वागाहाई’ म्हणजे ‘मी’, पण भारदस्त पुरुषाने छाती फुगवून म्हटलेला. बोलणारं आहे बिननावाचं, भटकं मांजर. इंग्रजीला ‘मी’साठी एकच शब्द, त्यामुळे सगळी ऐट पहिल्याच ओळीत मावळते. मराठीत मात्र ‘अस्मादिक मांजर आहेत. नाव अजून ठेवलेलं नाही’ असं म्हणता येतं आणि पुढची पाचशे पानं तो सूर धरूनही ठेवता येतो. क्रियापद शेवटी, विभक्तिप्रत्यय नामाच्या मागे, तू-तुम्ही-आपण अशा आदराच्या पायऱ्या, कर्ता न सांगता चालणारं वाक्य: जपानीच्या या सवयी मराठीला परक्या नाहीत. इंग्रजीत गेल्या की त्या पुसल्या जातात, आणि इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला त्या पुन्हा अंदाजाने बसवाव्या लागतात.

तानिझाकींची ‘सासामेयुकी’ मराठीत यावी, असं मला फार मनापासून वाटतं. १९४३ मध्ये मासिकात सुरू झालेली ही कादंबरी युद्धकाळात लष्कराने बंद पाडली आणि १९४८ मध्ये ती पूर्ण झाली. ओसाकातल्या उतरत्या घराण्यातल्या चार बहिणींची ही गोष्ट. तिसऱ्या युकिकोचं लग्न जमत नाही, आणि थोरलीच्या आधी धाकटीचं करायचं नाही, म्हणून चौथी अडकून पडते. मध्यस्थ आहेत, मुलाकडच्यांची गुपचूप चौकशी आहे, डोळ्यावरच्या पुसट डागावरून कुजबुज आहे. कांदेपोहे माहीत असलेल्या वाचकाला इथे तळटीप लागत नाही. पहिल्याच पानावर आरशासमोर बसलेली साचिको धाकट्या बहिणीला हाक मारते, ‘कोइसान’, आणि मानेला पावडर लावायचा ब्रश तिच्या हाती देते. ओसाकाच्या व्यापारी घरांत सर्वांत धाकट्या मुलीला असं म्हणत. मी तो शब्द तसाच ठेवीन आणि बाकीच्या बहिणींना ताई, अक्का म्हणू देईन. ओसाकाच्या बोलीच्या जागी सरसकट वऱ्हाडी किंवा मालवणी घालण्याला मात्र माझा विरोध आहे. पात्रं थेट अमरावतीला किंवा कुडाळला जाऊन बसतात. वाक्याची लकब आणि दोन-चार उद्गार एवढ्यावर भागतं.

थेट अनुवादातही खड्डे आहेत. सर्वांत मोठा लिंगाचा. जपानी क्रियापदावरून बाई की पुरुष हे कळत नाही, मराठीत ‘गेलो’ किंवा ‘गेले’ लिहावंच लागतं. लेखकाने निवेदकाची ओळख दहा पानं झाकून ठेवली असेल, तर मराठीत ती पहिल्याच भूतकाळी वाक्यात उघडी पडते. तिथे वर्तमानकाळ, ‘मला दिसलं’, ‘माझ्याकडून झालं’ अशा वळणांनी वाट काढायची. मशीनवर टाकलेल्या मजकुरात नेमकं हेच बिघडतं: एकाच परिच्छेदात तो मध्येच ती होतो. तानिझाकींच्या ‘कागी’त (१९५६) नवऱ्याची डायरी काताकानात आणि बायकोची हिरागानात, म्हणजे जपानीच्या दोन वेगळ्या लिप्यांत आहे. ते मराठीत आणायचं तर दोन वेगळे टंक वापरावे लागतील.

इंग्रजीशिवाय सध्या इलाज नसेल, तर आवृत्ती बघून घ्या. ‘गेंजी’ या अभिजात जपानी कादंबरीचे तीन इंग्रजी अनुवाद घ्या. तिच्या ५४ प्रकरणांपैकी ३८वं वेलींनी (१९२५-३३) गाळलंच. साइडनस्टिकर (१९७६) सरळ वाचत जाण्यासारखा. टायलर (२००१) पात्रांना मूळाप्रमाणे हुद्द्यांनी ओळखतो आणि हुद्दा बदलला की नावही बदलतो, म्हणून प्रकरणाच्या सुरुवातीची पात्रयादी उघडी ठेवावी लागते. कादंबरीतल्या ७९५ वाका, म्हणजे ३१ अक्षरावयवांच्या छोट्या कविता, वेलींनी बऱ्याचदा गद्यात विरघळवल्या आहेत, टायलर तो ३१चा हिशेब पाळतो. कवितेसाठी वाचायचं असेल तर टायलरच घ्या.

ज्यांना अनुवाद करायचा आहे त्यांनी मुक्त हक्कांच्या लेखकांपासून सुरुवात करावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. सोसेकी (मृत्यू १९१६), अकुतागावा (१९२७), मियाझावा केंजी (१९३३), दाझाई (१९४८) मोकळे आहेत. कावाबातांसाठी २०३२ अखेरपर्यंत परवानगी लागेल. मोकळ्या झालेल्या लेखकांच्या मूळ संहिता ‘आओझोरा बुन्को’ या १९९७ पासूनच्या मोफत डिजिटल संग्रहात मिळतात. तिथे ‘शिनजी-शिनकाना’, म्हणजे नव्या लेखनपद्धतीची प्रत निवडा. जुन्या पद्धतीची प्रत नवशिक्याचा दुप्पट वेळ खाते. सोसेकी मोकळा असला तरी त्याच्या अलीकडच्या इंग्रजी अनुवादाचे हक्क अनुवादकाचे असतात, त्यावरून विनापरवाना मराठी करणं बेकायदेशीर आहे.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही, पण बहुतेकांचं शिक्षण कंपन्यांची कागदपत्रं आणि दुभाषेपण यांकडे वळतं. एन-१ या जपानी भाषेच्या सर्वांत वरच्या पातळीच्या परीक्षेत फक्त पर्यायी उत्तरं असतात, एक ओळही लिहावी लागत नाही, त्यामुळे ते प्रमाणपत्र म्हणजे अनुवादाची हमी नव्हे. दोघांची जोडी हवी: जपानी जाणणारा एक, आणि जपानीचं अक्षरही न कळणारा पण मराठीचा कान पक्का असलेला संपादक एक. दुसऱ्याने मूळ न बघता मोठ्याने वाचायचं आणि अडेल तिथे खूण करायची. पहिल्याने फक्त त्या जागा मूळाशी ताडायच्या. सुरुवातीला अकुतागावांची ‘हाना’ (१९१६) ही नाकाची कथा घ्या, कादंबरी नको. पुस्तकाएवढं काम झालं की जपान फाउंडेशनच्या अनुवाद-प्रकाशन साहाय्याचा विचार करा. तिथे अर्ज प्रकाशकाने करायचा असतो, म्हणून प्रकाशक आधी गाठा.