चपट्या डोक्याची काळजी

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मुलगी बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी आली, आणि एप्रिल संपता संपता घरात बोलायला एकच विषय उरला, तो म्हणजे नातीचे डोके. बाळ दिवसरात्र पाठीवर झोपत असल्यामुळे डोक्याची मागची बाजू चपटी दिसू लागली होती आणि तिथले जावळही घासून विरळ झाले होते. विहीणबाईंनी फोन करून मोहरीची उशी शिवून पाठवते म्हणून सांगितले. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी तेल लावताना दोन्ही तळहातांनी दाबून डोके गोल करून देण्याची तयारी दाखवली. शेजारच्या काकूंनी तर "मुलीची जात आहे, आत्ताच लक्ष द्या" असे म्हणून माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आणले. ही सगळी चर्चा चालू असताना त्याच खोलीत, कूलरसमोरच्या फरशीवर, आमचा पग जातीचा कुत्रा गुड्डू घोरत पडलेला असे. त्याचे डोके बाळाच्या डोक्यापेक्षा कितीतरी आखूड आणि चपटे होते, पण त्याची काळजी आमच्यापैकी एकालाही कधी वाटली नव्हती. आपली काळजी किती चुकीच्या जागी होती, हे मला मे महिन्यात कळले, आणि म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी बाळाचे सांगते. जन्मतः कवटीची हाडे एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. त्यांच्यामध्ये सांधे आणि टाळूची मऊ जागा असते, म्हणूनच डोके जन्ममार्गातून बाहेर येऊ शकते आणि पुढे मेंदू झपाट्याने वाढत असताना कवटीही त्याच्याबरोबर वाढते. अशा मऊ कवटीवर एकाच बाजूने सतत दाब आला, तर ती बाजू चपटी होते. बाळाला पालथे झोपवू नये हा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी 1992 मध्ये दिला आणि 1994 पासून पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम झाली, कारण पालथे झोपवलेली बाळे झोपेत अचानक दगावण्याचे प्रमाण जास्त होते. त्यानंतरच्या वर्षांत तिथे असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चपटी डोकी मात्र वाढली. माझ्या मते या सौद्यात तक्रारीला जागाच नाही. आमच्या डॉक्टरांनी टाळू आणि सांधे हाताने तपासले, डोक्याचा घेर मोजला, आणि एवढेच सांगितले की बाळ जागे असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पोटावर ठेवावे, झोपवताना तोंडाची दिशा बदलत राहावी, उशी कोणतीही वापरू नये आणि डोके दाबू तर मुळीच नये. कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्यामुळे डोके आखूड राहिले असेल, तर ती वेगळी गोष्ट असते आणि तिथे शस्त्रक्रियाही लागू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच आहे. पण एकदा त्यांनी पाहिले, की मग आजूबाजूच्या बायकांनी बाळाच्या आईला रडवू नये. मोहरीची उशी आली ती मी कपाटात ठेवून दिली. विहीणबाईंना तसे स्पष्ट सांगितले आणि त्यांनीही समजून घेतले.

डोक्याच्या आकारावरून माणसाची पारख करण्याची खोड जुनी आहे आणि ती केवळ आज्या-काकूंची नाही. स्वीडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ आंडर्स रेट्झियस यांनी 1840 च्या दशकात डोक्याची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढून माणसांची लांबडोकी आणि आखूडडोकी अशी विभागणी केली. रुंदी लांबीच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भरली, की डोके आखूड. पुढे हीच मोजपट्टी घेऊन ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी 1901 च्या जनगणनेच्या काळात मराठी ब्राह्मण आणि कुणबी यांची डोकी रुंद म्हणून त्यांचा संबंध थेट मध्य आशियातील शकांशी जोडला. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेतील स्थलांतरितांची मोजमापे घेऊन दाखवले की आई-वडील तेच असले, तरी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचे गुणोत्तर बदललेले असते. त्यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण डोक्याचा आकार म्हणजे वंशाचा शिक्का, ही समजूत खिळखिळी व्हायला तिथून सुरुवात झाली. आपल्या इरावती कर्वे यांनी तर बर्लिनमध्ये, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली, कवट्यांच्या असमानतेवर डॉक्टरेटचे काम केले आणि वंशाचा त्याच्याशी संबंध दिसत नाही, हा निष्कर्ष गुरूच्या अपेक्षेविरुद्ध मांडला. ते वर्ष होते 1930, आणि फिशर यांची ती संस्था वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराने भारलेली होती. मला त्या धैर्याचे आजही अप्रूप वाटते. माणसाच्या बाबतीत सामान्यतः आखूड डोके हे एक डोके असते, त्यापलीकडे काही नाही.

कुत्र्याच्या बाबतीत तसे नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी वीज गेली आणि कूलर बंद पडला. अर्ध्या तासात गुड्डूचा श्वास करवतीसारखा वाजू लागला. जीभ बाहेर, आधी लाल आणि मग जांभळट, पाय फाकलेले आणि मान वर ताणलेली. मुलाने त्याच्यावर पाणी ओतले, ओल्या अंगानेच त्याला गाडीत घातले आणि एसी लावून पशुवैद्यांकडे नेले. तो वाचला. दोन दिवसांनी त्या डॉक्टर बाईंनी आम्हाला समोर बसवून, त्याच्या नाकपुड्यांवर टॉर्चचा उजेड टाकून दाखवले. नाकपुड्या कसल्या, नखाने ओढलेल्या दोन चिरा होत्या. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. पगचे मुस्कट पिढ्यान्‌पिढ्या निवडीने आखूड करत नेले, पण हाडे आखूड झाली त्या प्रमाणात आतले मांस कमी झाले नाही. मऊ तालू लांब राहून घशात लोंबतो, अनेकांची श्वासनलिकाही अरुंद असते, आणि म्हणून ज्या धापांनी इतर कुत्री गार होतात, त्याच धापा टाकताना पगची दमछाक होऊन अंग आणखी तापते. लांब तोंडाच्या कुत्र्यासारखेच त्याचेही दात बेचाळीस, पण जबड्यात तेवढी जागा नसल्यामुळे ते वाकडेतिकडे उगवतात. डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, म्हणून डोळे बाहेर आलेले दिसतात आणि त्यांना सहज इजा होते. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरांचे डोळे सतत गळतात, तेही तोंड असे चपटे झाल्यामुळेच.

मग त्यांनी विचारले, "हा झोपतो कसा?" मुलाने मोठ्या कौतुकाने मोबाइलमधले फोटो दाखवले. गुड्डू लाल रबरी चेंडू तोंडात धरून झोपलेला. असे वीसेक फोटो आमच्याकडे होते आणि प्रत्येकावर नातेवाइकांनी बदाम पाठवले होते. डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या की तोंड मिटले की त्याला श्वास मिळत नाही, म्हणून तोंड उघडे राहावे यासाठी तो चेंडू धरतो. त्यानंतर मुलगा कितीतरी वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. चार वर्षे आम्ही त्या फोटोंना गोड म्हणत होतो.

पग पहिल्यापासून असा नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थ यांनी 1745 मध्ये आपल्या पगसह स्वतःचे चित्र काढले, ते आज लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे. त्यातल्या कुत्र्याला चांगले दिसण्याजोगे मुस्कट आहे. आजचा सपाट चेहरा माणसाने घडवला, आणि तो आपल्या घराघरांत पोहोचला तो 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे चालणाऱ्या पगमुळे. लोकांना तो आवडला यात त्यांचा दोष नाही. मोठे डोळे, गोल चेहरा, छोटे नाक, म्हणजे माणसाच्या बाळाचेच रूप. पण ज्या रूपावर आपण भाळतो, तेच त्या जिवाला गुदमरवते, हे विक्रेते सांगत नाहीत. आम्ही ज्याच्याकडून गुड्डू आणला, त्याने घोरणे हे जातिवंत असल्याचे लक्षण म्हणून सांगितले होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात असा कुत्रा आणणे ही आमची चूक होती आणि ती मी मान्य करते.

नेदरलँड्समध्ये 2019 पासून, ज्या कुत्र्याचे मुस्कट डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून आखूड आहे, त्याची पैदास करता येत नाही. आपल्याकडे 2017 चे श्वानपैदाशीचे नियम आहेत. त्यांत पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे आहे. नेदरलँड्ससारखी मोजपट्टी आपल्याकडेही हवी, असे माझे ठाम मत आहे, कारण उन्हाळा आपलाच कडक आहे. कुत्रा हवाच असेल तर गल्लीतले पिल्लू आणावे. मोकळी जागा आणि रोज पळवण्याची तयारी असेल तर लातूरकडचा लांब तोंडाचा कारवानी जातीचा कुत्रा आहे.

गुड्डूची शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली. नाकपुड्या रुंद केल्या, तालूचा लोंबणारा भाग काढला. चेंडू आता दिवाणाखाली पडून असतो. तो शांत झोपतो, पण जिना चढला की आजही थांबून श्वास घेतो, कारण कवटी तीच आहे. नात सव्वा वर्षाची झाली, चालायला लागली तसे तिचे डोके आपोआप भरत आले. मुलाच्या एका मित्राकडे पगची मादी आहे आणि गुड्डूबरोबर तिची जोडी लावावी म्हणून तो दोनदा फोन करून गेला. आम्ही नाही म्हटले आहे. तरी त्याला रविवारी घरी बोलावले आहे, गुड्डू जिना चढताना त्याने एकदा जवळ उभे राहून ऐकावे म्हणून.