टो-टचमध्ये पायाला हात लावायचा नसतो

अमेरिकेतल्या हायस्कुलात चिअरलीडिंगचे, म्हणजे सामन्यात घोषणा, नाच आणि उड्यांनी संघाला जोर देणाऱ्या चमूचे, ट्रायआउट (निवड चाचण्या) बहुधा एप्रिल-मेमध्ये होतात. त्याआधी महिनाभर टीपॉयने भिंतीला टेकून राहावं आणि खालच्या मजल्यावरच्यांनी कुणाकडे तरी मुक्कामी जावं, हे उत्तम.

उमेदवाराला वाटतं, हे काम उड्यांचं आहे. मला विचाराल तर ते मनगटाचं आहे. परीक्षक लांब टेबलामागे बसतात. त्यांना आधी हात दिसतात. ‘हाय व्ही’ म्हणजे दोन्ही हात वर तिरके, पण किंचित पुढे: सरळ समोर बघतानाही दोन्ही मुठी डोळ्यांच्या कडेला दिसल्या पाहिजेत. मूठ घट्ट, अंगठा बाहेर. मनगट वाकलं की गुण गेले. हात जागेवर पोचून डुलत राहिला, तरी गेले. आरशासमोर पाच मिनिटं करून बघा. दुखतो खांदा, पण बिघडतो चेहरा, आणि चेहऱ्याला वेगळे गुण असतात.

मग टो-टच, म्हणजे हवेत दोन्ही पाय बाजूंना फाकवून मारायची उडी. नावावर जाऊ नका. पायाच्या बोटांना शिवायला हात खाली नेले की छाती वाकते, आणि उडी मारली की काही हरवलेलं शोधलं हेच कळत नाही. हात खांद्याच्या रेषेत आडवे ठेवायचे. वर यायचं ते पायांनी. इथेच पुष्कळ जणी फसतात. जमिनीवर स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पूर्ण ताणून बसणं) छान येतो, हवेत पाय कमरेपर्यंतही येत नाहीत. कारण नुसती लवचीकता पुरत नाही, मांडी वर उचलणारे कमरेपुढचे स्नायू तयार हवेत. पाय फाकवून बसा, तळवे पुढे जमिनीवर टेका, गुडघे न वाकवता दोन्ही पाय उचला: दहा वेळा, तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत पाय उचलले जात नाहीत, भुवया उचलल्या जातात. उतरताना पावलं जुळलेली, गुडघे मऊ. आणि हे सगळं अंग गरम झाल्यावर. उठल्याउठल्या स्प्लिट घातला तर ट्रायआउट बर्फाच्या पिशवीसोबत होईल.

‘हे काय मुलींचे चाळे’ म्हणणाऱ्या काकांसाठी: २ नोव्हेंबर १८९८ला मिनेसोटा विद्यापीठाच्या सामन्यात लोकांकडून घोषणा वदवून घेणारा जॉनी कॅम्पबेल हा बाप्या होता. बायकांचा शिरकाव तिथे १९२३मध्ये झाला. काकांना यावर मौन आवडतं.

आवाज पोटातून, खालच्या पट्टीत. किंचाळलेली घोषणा तिसऱ्या रांगेपुढे जात नाही, आणि घसा दुसऱ्या दिवशी बसतो. शब्दाचा शेवट तोडून म्हणायचा, ओढायचा नाही.

केस उंच बांधायचे. आदल्या रात्री आजीने प्रेमाने तेल चोपडलं असेल, तर केसांतला रिबिनीचा बो पहिल्या उडीत मानेवर येतो. तेलाची माया निकालानंतर. कानातलं, बांगड्या, गळ्यातलं काहीच चालत नाही, नाकातली चमकीही काढावी लागते, आणि ती फिरकीची असली तर सकाळी सात वाजता अख्खं घर फिरकी शोधत गालिच्यावर ओणवं असतं. नखं तळहाताकडून दिसता कामा नयेत. डॉक्टरांच्या सहीचा तपासणीचा फॉर्म आधीच द्या. त्याशिवाय मॅटवर पाऊल ठेवू देत नाहीत.

दोन-तीन दिवस घोषणा आणि नाच शिकवतात, शेवटच्या दिवशी पाठीवर किंवा छातीवर नंबर लावून तिघी-चौघींना एकदम बोलावतात. स्टेप विसरली तर हसत उभं राहायचं आणि तालाच्या मोजणीतल्या पुढच्या ‘एक’ला पकडायचं. शेजारणीकडे बघू नये. ती तुमच्याकडेच बघत असते.

निकालात नावं नाहीत, नंबर लागतात. नंबर लागला की पालकांची सभा: युनिफॉर्म, पांढरे बूट, पॉम-पॉम (हातात धरायचे झुबके), उन्हाळी कॅम्प. या सभेत सगळ्यात उंच उडी बाबांची असते, आणि तीही वॉर्म-अप न करता.