‘मग पगार कशाचा?’ : भातुकलीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मातीच्या चपात्या लाटायच्या भातुकलीवर, आणि त्यात भांडण झालं तर बाईंनी लगेच मध्ये न पडता थांबण्यावर, मी लेख लिहिला होता. त्याखाली तुम्ही लिहिलंत: “बाई, चार पुस्तकं वाचून लेख लिहिणं सोपं असतंय. पोरं लाटण्यावरनं मारामारी करणार आणि बाईंनी बघत बसायचं, मग पगार कशाचा? खेळातनं शिक्षण हे शहरातलं खूळ. पहिलीला घालताना अक्षरं विचारतात, त्याचं काय? आणि माती किती भिजवायची ते तरी सांगायचं.”

शेवटचं आधी. मातीचं प्रमाण द्यायला हवं होतं, ती चूक माझी. खानापूरकडच्या कुंभाराची चाळलेली माती चार वाट्या, पाणी साधारण एक वाटी, तेही थोडं थोडं. बोटांना चिकटली तर पाणी जास्त झालं, वळताना चिरली तर कमी. ओल्या गोणपाटात रात्रभर ठेवायची. एका मुलाला पेरूएवढा गोळा पुरतो. मण्णेत्तिन अमावस्येला बैल करायला मळतात तशीच.

आता ‘चार पुस्तकं’. बावीस वर्षं मी बालवाडीच्या फरशीवर बसते आहे, बेळगावात आणि खेड्यांतही. मतभेद असू द्या, पण न ओळखणाऱ्या माणसाशी असं बोलायची गरज नव्हती. शिवाय ‘बघत बसा’ असं मी लिहिलेलंच नाही. ‘थांबा’ असं लिहिलं होतं. थांबणं हे काम आहे, आणि ते कसं करायचं हे तुम्ही लेख नीट वाचला असता तर दिसलं असतं. पुन्हा सांगते.

भांडणाची तयारी बाईंनी आधीच करायची असते. पाच मुलांत लाटणी दोन. एकच ठेवलं तर चौघांना ताटकळावं लागतं आणि तीन वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही. पाच ठेवली तर प्रत्येक जण आपापल्या गोळ्यात, मागायची वेळच येत नाही. बाईंनी खुर्चीवर नाही, खाली बसायचं, हात पोचेल इतक्या अंतरावर. चावणं, डोक्यात घालणं, डोळ्यांत माती फेकणं दिसलं की तत्क्षणी हात धरायचा. तिथे थांबणं नाही. नुसती ओढाओढ असेल तर मनात सावकाश दहा अंक मोजायचे. बऱ्याचदा तेवढ्यात एक जण सोडतो किंवा दुसरं लाटणं शोधतो.

नाही सुटलं तर लाटण्यावर आपला हात ठेवून जे दिसतंय ते बोलायचं: “दोघांनाही लाटणं पाहिजे.” ‘आधी कुणी घेतलं?’ हे विचारायचं नाही. त्यातून खोटं बोलणं आणि चुगली सुरू होते, आणि मुलं एकमेकांकडे बघायची सोडून बाईंच्या तोंडाकडे बघायला लागतात. ‘पाच मिनिटं तू, पाच मिनिटं तो’ हेही चालत नाही, कारण या वयात पाच मिनिटं म्हणजे किती हे कळत नाही. “त्याची एक चपाती झाली की तुला” हे कळतं, कारण चपाती डोळ्यांना दिसते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. घरी मराठी आणि अंगणवाडीत कन्नड, अशा मुलाला राग येतो पण तिथल्या भाषेत शब्द सापडत नाही, मग हात चालतो. अशा वेळी अक्कांनी, म्हणजे अंगणवाडीच्या बाईंनी, दोन्ही भाषांतले शब्द द्यावेत: “राग आला? सिट्टु बंतु?” शब्द तोंडात बसला की ढकलणं कमी होतं, पण एका दिवसात नाही, रोज म्हणावं लागतं. तुम्ही ज्याला ‘बघत बसणं’ म्हणता, त्यात इतकं असतं. पगार याचाच.

‘शहरातलं खूळ’ याला एवढंच: बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं ते बोर्डीला, खेड्यात. पुढे सहकारी अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम केलं. साधनं काय होती? माती, पानं, शंख, बिया. शहराचं त्यात काय आहे ते तुम्हीच सांगा.

अक्षरांचा विषय त्या लेखाचा नव्हता, त्यात मी इथे शिरत नाही. गोळा थापून, चिमटून बोटांत जोर आला की पेन्सिल धरता येते, तेवढं पुरे.

पुढे लिहायचं असेल तर अवश्य लिहा. फक्त त्याआधी एखाद्या अंगणवाडीत अर्धा तास खाली बसून या, आणि लाटणी किती होती तेही कळवा.