शिरोरेषेला केसाएवढी करू नका

बडोद्यातल्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका हल्ली फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठासारख्या दिसू लागल्या आहेत. उभ्या दांड्या ठसठशीत, आडव्या रेषा केसाएवढ्या बारीक, भोवती ऐसपैस कोरी जागा आणि वर सोनेरी फॉइल. रोमन लिपीत हे अक्षर मला मनापासून आवडते; माझी तक्रार आहे ती तोच साचा देवनागरीवर जसाच्या तसा चढवण्याबद्दल.

हे अक्षर चांगल्या कागदाच्या भरवशावर वाढले. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ मध्ये रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती काढताना कागद आणि शाई दोन्ही सुधारून घेतली, आणि पुढे पॅरिसच्या दिदो घराण्याने व पार्माच्या बोदोनी यांनी जाड-बारीकपणा टोकाला नेला. १९९१ मध्ये जोनाथन हॉफ्लर यांनी 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकासाठी दिदो घराण्याच्या वळणाचा फॉन्ट नव्याने रेखाटला, तेव्हा वेगवेगळ्या आकारांसाठी सात स्वतंत्र आराखडे केले, कारण मथळ्यात शोभणारी रेष लहान अक्षरात छापली की नाहीशी होते. आपल्याकडे मात्र वधू-वरांच्या नावांचा फॉन्टच आकार कमी करून मुहूर्त आणि स्थळासाठी वापरला जातो, आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी पत्ता चष्म्यावर चष्मा लावून वाचायचा.

देवनागरीत तर प्रश्न त्याहून खोल आहे. रोमनमध्ये आडवी रेष दुय्यम असते, पण आपल्याकडे सगळा शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो. ओळखीतल्या एका पत्रिकेत खरखरीत हातकागदावर फॉइल नीट धरले गेले नाही, शिरोरेषा नेमकी 'मंगल'मधल्या 'म'च्या डोक्यावर तुटली आणि तो 'भ'च्या वाटेला लागला. 'घ' आणि 'ध' यांचेही तसेच. त्यांच्यातला बराचसा फरक डोक्यावरच्या रेषेतल्या खंडातच आहे. गुजरातीला शिरोरेषाच नसल्यामुळे त्याच पत्रिकेची गुजराती बाजू निर्धोक उतरली होती, हे बडोदेकराला विशेष बोचते.

देवनागरीला जाड-बारीकपणाचे वावडे आहे, असे मुळीच नाही. बोरूच्या तिरक्या छाटामुळे तो तिच्या अंगातच आहे; फक्त तिथे शिरोरेषा आणि काना दोन्ही भरीव राहतात आणि नाजूकपणा वळणांत उतरतो. जावजी दादाजींच्या मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पाने पाहिली, की हा तोल किती डौलदार दिसतो ते कळते. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये 'रोझा वन' हा देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींचा, टोकाच्या जाड-बारीक घडणीचा फॉन्ट दिला. तो मोठ्या नावापुरता जरूर वापरावा, मजकुराला नव्हे.

पत्रिका करणाऱ्या मंडळींना माझे सांगणे इतकेच आहे, की शिरोरेषा दांडीच्या निम्म्याहून बारीक करू नका, हातकागद हवाच असेल तर फॉइलचा मोह आवरा, आणि नमुना स्क्रीनवर मोठा करून न पाहता त्याच कागदावर छापून यजमानांच्या हाती द्या.